बर्नार्डची सामाईक गुहा

"येत्या चार दिवसांत मी तीन माणसांना ड्रॅगनच्या गुहेत नेणार आणि जिवंत परत आणणार!" सुनंदानं चुलीपुढे उभं राहून जाहीर केलं. साल १९८६, महिना मे. नववीला वर्गात तिसरी आल्यापासून ती सगळंच असं उभं राहून जाहीर करत असे.

"ने," आई म्हणाली. "जाताना तेवढी कोकमं वाळत घालून जा."

ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा, पंख फुटलेला, एसटीएवढा सरडा! बोटीवर नोकरीला असलेल्या सहदेवमामानं कुठल्याशा बंदरातून एक खोका आणला होता. त्यात एक इंग्रजी पुस्तक, एक नकाशा आणि बोरांएवढे चित्रविचित्र फासे. खेळ असा, की एकानं सूत्रधार व्हायचं आणि पुस्तकात बघून सांगायचं, "तुम्ही अमुक ठिकाणी आहात, समोर तमुक आहे." बाकीच्यांनी सांगायचं, "मग आम्ही असं असं करतो." जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. पुस्तकात थॉर्नवेल नावाचं अख्खं गाव आयतं दिलेलं होतं. खानावळ, पवनचक्की, टेकडी, टेकडीखाली नऊ दालनांची गुहा आणि नवव्या दालनात झोपलेला ड्रॅगन.

शब्दकोश मांडीवर घेऊन सुनंदानं तीन महिन्यांत ते पाठ केलं. आणि तिथंच पंचाईत झाली! कुठल्या दारामागे काय आहे, हे जिला ठाऊक, तिनं एकटीनं खेळायचं कसं? आपणच लपायचं आणि आपणच शोधायचं? मैत्रीण काशी सुट्टीभर आजोळी. बाबा मुंबईत. आई दिवसभर शिलाईच्या मशीनला वाकलेली. तीन महिने सुनंदा त्या गावात एकटीच हिंडत होती. खानावळवाल्याला ती रोज ओळखायची, पण तो काही तिला ओळखत नव्हता! निदान एकदा तरी दुसऱ्या कुणी आपल्याबरोबर त्या नवव्या दालनात यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दुपारच्या सावलीला त्यांच्या पडवीत तीन माणसं टेकत. एक आप्पा, निवृत्त तलाठी. दुसरी गंगुबाई, मासळीच्या दोन फेऱ्यांमध्ये पाय लांब करायला येणारी. तिसरा दादू, मुंबईहून सुट्टीवर आलेला शेजारी. सुनंदानं तिघांनाही धरलं.

"एकानं योद्धा व्हायचं, एकानं जादूगार, एकानं चोर."

"चोर?" आप्पा ताडकन उठले. "पस्तीस वर्षं सरकारी दप्तर सांभाळलं मी!"

"मी पण नाय हां," गंगुबाई म्हणाली. "बाजारात कोण उभी करील मला?"

"मी होतो चोर," दादू म्हणाला. "चाळीत राहतो. आवाज न करता पाय टाकायची सवय आहे."

अशा रीतीनं गंगुबाई योद्धा झाली, आप्पा जादूगार झाले आणि सुनंदानं घसा खाकरला. "तुम्ही थॉर्नवेलच्या खानावळीत बसला आहात. खानावळवाला कुजबुजतो, 'टेकडीखाली एक गुहा आहे. तिथून काहीतरी येतं आणि आमची गुरं उचलून नेतं!'"

पुस्तकात लिहिलं होतं की इथं खेळाडू शस्त्रं उचलतात आणि गुहेकडे धावतात.

आप्पांनी चष्मा पुसला. "गुहा कोणाच्या जमिनीत?"

सुनंदानं पुस्तक चाळलं. छे! पण "माहीत नाही" म्हणणं हल्ली तिच्या स्वभावात बसत नव्हतं. "बर्नार्डच्या!"

"एकट्या बर्नार्डच्या, की सामाईक? भाऊ आहे त्याला?"

"आहे की एक! राजधानीत असतो, नोकरीला!"

झालं! या एका भावानं सगळा घात केला!

"मग राजधानीतल्या भावाला विचारल्याशिवाय गुहेत पाय ठेवायचा नाही!" दादू कडाडला.

"का म्हणून?" गंगुबाईनं पदर खोचला. "गावात राहून गुरं कोण राखतो? बर्नार्ड! ऊन-पाऊस कोण खातो? बर्नार्ड! तो दुसरा चार दिवस येतो नि पेटीभर आंबे घेऊन जातो!"

"आंबे?" सुनंदा म्हणाली. "थॉर्नवेलला आंबे नाहीत—"

"तू गप गो!" दोघंही एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पडवीत सातजण होते. तिसऱ्या दिवशी वीस! बर्नार्डची बातमी वाडीभर झाली होती. आप्पांनी नकाशावर लाल पेन्सिलीनं हद्दी पाडल्या, पवनचक्कीला जायला पाणंद काढली आणि खानावळवाल्याची साक्ष तीनदा घेतली. बिचाऱ्याला पुस्तकात सगळी मिळून दोनच वाक्यं होती! सुनंदा हरखली होती. तिच्या पडवीत एवढी माणसं कधी जमली नव्हती. पण चौथा दिवस उजाडला तरी गुहेकडे कुणी एक पाऊल टाकलं नव्हतं आणि सोमवारी दादू मुंबईला चालला होता.

शेवटी तिनं पाट वाजवून सांगितलं, "अहो, आत ड्रॅगन आहे! तीनशे वर्षं तिथं राहतोय! त्याला मारायचंय!"

आप्पांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तीनशे वर्षं? सलग?"

"हो!"

"मग कूळ लागलं ते! त्याला कोण हलवणार? बर्नार्डचा बापसुद्धा नाही!"

"घरात माणसं किती त्याच्या?" गंगुबाईनं विचारलं.

"एकटाच असतो."

"एकटाच? तीनशे वर्षं?"

"हो," सुनंदा म्हणाली. या वेळी ती उभी राहिली नाही. "कोणी येतच नाही त्याच्याकडे."

वीस माणसं हळहळली. "अरेरे, मग करणार काय, नेईल एखादं जनावर," असं कुणीतरी म्हणालं. ड्रॅगनचं सगळ्यांना एवढं वाईट वाटलं की सुनंदाकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

दादूचं मात्र आपलं चालूच होतं. "ड्रॅगन राहू दे! पण शहरात गेला म्हणून भावाचा हक्क बुडतो काय? अर्धा वाटा त्याचाच!"

नेमका त्याच वेळी दगडी गडग्यापलीकडून त्याचा गावातच राहणारा सख्खा भाऊ बाळा चालला होता. घरामागची आंब्याची सात कलमं आणि एक विहीर दोघांत सामाईक होती. बाळा गडगा ओलांडूनच आत आला!

"काय रे दादू! माझ्यावर पंचायत बसवलीस? आणि ती पण लोकांच्या पडवीत?"

"तुझा काय संबंध? बर्नार्डचं चाललंय!"

"बर्नार्ड! म्हणजे वकील पण केलास? तो पण साहेब?"

"अरे, तो वकील नाय, तो आपल्यासारखाच—"

"आपल्यासारखाच? म्हणजे आणखी एक वाटेकरी काढलास?"

सुनंदा दोघांच्या मध्ये पुस्तक नाचवत राहिली. "बाळाकाका, हा खेळ आहे! हे बघा चित्र!" बाळानं चित्रातल्या ड्रॅगनकडे पाहिलं, मग दादूकडे पाहिलं आणि त्याला अजिबात फरक वाटला नाही.

"कागद आहेत?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज असा थरथरला की जणू निवृत्तीनंतर प्रथमच कुणी त्यांना नावानं हाक मारली होती!

"आहेत! चला माझ्या खळ्यात!"

आणि वीसच्या वीस माणसं उठून बाळाच्या अंगणात गेली. तिथं खरी कलमं होती, खरी विहीर होती, वर चहासुद्धा होता! पडवीत उरले फासे, लाल रेघांचा नकाशा आणि सुनंदा. पलीकडून आप्पांचा आवाज येत होता, मधेच हशा येत होता. सुनंदानं नकाशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

तेवढ्यात गंगुबाई मासळीची पाटी न्यायला परत आली.

"मावशे!" सुनंदानं तिचा हातच धरला. "तू तरी चल ना गुहेत! दोन मिनिटं!"

गंगुबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पायरीवर टेकली. "चल. पण लवकर आटप. बांगडे टिकत नाहीत."

सुनंदानं तिला धावत पळत आठ दालनं पार करवली. कोळ्याची जाळी, सांगाड्यांचा पहारा, सगळं! फासे खडाखड पडत होते. आणि शेवटी आलं नववं! "समोर ड्रॅगन झोपलाय. तुझ्या हातात तलवार आहे. मार!"

"झोपलाय ना? मग कशाला मारू?"

"अगं, पण तो जागा होतो! डोळे उघडतो! आणि म्हणतो..." सुनंदानं कमरेवर हात ठेवले आणि कोंबड्या उडतील अशा आवाजात गर्जना केली, "कोण आलंय माझ्या दारात?"

"मी गंगू," गंगुबाई पाटी डोक्यावर चढवत म्हणाली. "बस, बस, उठू नको. मी निघालेच."

आणि ती निघालीसुद्धा!

सुनंदानं भराभर पानं उलटली. ड्रॅगन कसा चिडतो, कसा आग ओकतो, कसा मरतो, सगळं होतं. घरी येऊन कुणी असं बोललं तर त्यानं काय म्हणायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग तिनं पुस्तक मिटलं, पडवीच्या कडेला आली आणि ड्रॅगनच्याच आवाजात ओरडली, "उद्या पण ये हां, मावशे!"

गडग्यापलीकडून उत्तर आलं, "बांगडे घ्या, बांगडेऽऽ!"