अधिकृत पोचा

ओरोन्झो क्वार्ता यांच्या जुन्या फियाट पाचशेच्या मागच्या उजव्या मडगार्डला एक पोचा होता, आणि लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाआधी तो काढून टाकावा असे त्यांच्या मनात आले. यात गैर काहीच नव्हते. निवृत्त पोस्टमास्तराला परवडतील अशाच बेताच्या इच्छा ते आयुष्यभर करत आले होते. शिवाय दक्षिण इटलीत, लेच्चेच्या बाजूला, माणूस चर्चला निघाला की आधी गाडी पुसतो आणि मग चष्मा.

पोचा लग्नाच्याच दिवशीचा. ओरोन्झोंच्या म्हणण्यानुसार, ते आत अंगठी घालत असताना ब्रिंदिसीकडच्या कुठल्याशा ट्रकने बाहेर उभ्या गाडीला धडक दिली आणि पोबारा केला. त्यांच्या पत्नी दोनाता यांचे म्हणणे असे, की चर्चमधून निघताना नवरदेवाने गाडी मागे घेतली ती थेट चौकातल्या दगडी खांबावर. त्या वेळी दोनाताबाई शेजारीच बसलेल्या असल्यामुळे त्यांची साक्ष ओरोन्झो निःपक्षपाती मानत नसत.

उच्चो मिस्त्री हा ओरोन्झोंचा शाळेपासूनचा मित्र. त्याने पुट्टीचा कणही न लावता, आतून लाकडी हातोडीने पत्रा हळूहळू ठोकत असा काही वर काढला की हात फिरवला तरी पत्ता लागू नये. दोनाताबाईंनी हात फिरवून पाहिला.

"म्हणजे पुरावाच नष्ट केलास," त्या म्हणाल्या.

इथवर सगळे सुरळीत होते. पण त्यांचे चर्च जुन्या गावात, आणि जुन्या गावात धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी. ऐतिहासिक गाड्यांना तेवढी सूट, कारण त्यांचा धूरही ऐतिहासिक धरला जातो. ओरोन्झोंच्या गाडीला तसा दाखला पूर्वीच मिळालेला होता; फक्त कोणतीही दुरुस्ती केल्यावर ती तपासून घ्यावी लागे. रविवारी वाढदिवस, म्हणून ते सोमवारीच परीक्षण कार्यालयात हजर झाले. तिथले इंजिनिअर पेत्राकी गाडीभोवती फिरले, दाखल्यावरचा फोटो पाहिला, पुन्हा फिरले.

"क्वार्तासाहेब, पोचा कुठे आहे?"

"काढला."

"कुणाला विचारून?"

मग त्यांनी अत्यंत सौजन्याने नियम समजावून दिला. दाखला मूळ स्थितीतल्या गाडीला दिलेला होता, आणि मूळ स्थितीत पोचा होता. पोचा नसलेली ही गाडी ती गाडी नव्हे. ती हरवली असेल तर क्वार्तासाहेबांनी रीतसर तक्रार द्यावी, आणि ही कुणाची आहे याचाही खुलासा करावा.

मुलाच्या विजेच्या गाडीतून जाता आले असते. जुन्या गावाच्या वेशीपासून चालतही जाता आले असते, पण वाट दगडी आणि चढाची, आणि दोनाताबाईंचे गुडघे आता जिन्याशीही बोलत नव्हते. शिवाय त्यांनी एकदाच सांगून टाकले होते, की ज्या गाडीतून चर्चबाहेर पडले त्याच गाडीतून परत जाईन, नाहीतर घरी बसेन. दोनाताबाई घरी बसल्या तर त्या घरात आपल्यालाही बसावे लागेल, हे ओरोन्झोंना ठाऊक होते.

तेव्हा ते पुन्हा उच्चोकडे गेले. फोटो समोर ठेवून उच्चोने, डोळ्यांत पाणी आणून, स्वतःच्याच उत्तम कामावर हातोडी घातली. आयुष्यभर लोकांनी त्याला वाईट काम सुधारायला सांगितले होते. चांगले बिघडवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. नवा पोचा हुबेहूब उतरला. पेत्राकींनी भिंग लावून तो पाहिला आणि कारागिरीची स्तुतीही केली.

"पण हा ताजा आहे. म्हणजे हे नुकसान झालं, आणि नुकसान झालेली गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदता येत नाही. दुरुस्त करून आणा."

"दुरुस्त केली तर?"

"तर फोटोशी जुळणार नाही."

हे सांगताना पेत्राकींना खरेच वाईट वाटले. त्यांच्यापुढच्या कॉफीतला बर्फही वितळत आला होता.

नियमाप्रमाणे उच्चोने पोचा काढला. नियमाप्रमाणे शुक्रवारी गाडी पुन्हा नामंजूर झाली. त्या दिवशी जाब विचारायला दोनाताबाई उच्चोला घेऊन जातीने आल्या होत्या, पण त्यांनाही तोच नियम त्याच सौजन्याने ऐकावा लागला. ओरोन्झो गाडीत बसले, शेजारी दोनाताबाई. बायकोला या वयात घरी बसवावे लागणार, या विचाराने त्यांचा जीव तुटत होता. त्यांनी गाडी मागे घेतली. नेहमीप्रमाणे डावीकडे पाहिले, नेहमीप्रमाणे उजवीकडे पाहिले नाही, आणि कार्यालयाच्या फाटकाचा दगडी खांब दणक्यात गाडीला भेटला.

पेत्राकी फोटो घेऊन खाली वाकले. जागा तीच, खोली तीच, तिरकेपणाही तोच.

"हा मूळ आहे," ते आदराने म्हणाले.

"अहो, याचा तर रंगही अजून उडतोय," उच्चोने न राहवून म्हटले.

"गाडी तीच, चालक तोच, पद्धत तीच. बाहेरच्या कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. फक्त आधीचं कारणही हेच होतं, एवढं लेखी हवं. काय लिहू, क्वार्तासाहेब?"

ओरोन्झोंनी शेजारी पाहिले. पन्नास वर्षे ब्रिंदिसीच्या रस्त्यावर पळत असलेला तो ट्रक अखेर त्यांच्या डोळ्यांसमोर येऊन थांबला.

"खांब लिहा," ते म्हणाले.

"दोन्ही वेळी?"

"दोन्ही वेळी."

दोनाताबाईंनी फक्त नवऱ्याची कॉलर सरळ केली, आणि ओरोन्झोंना शिक्षेपेक्षा ते जड गेले.

रविवारी गाडी धूर सोडत दिमाखात चर्चपर्यंत गेली. दाखला आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेत लावलेला आहे. पन्नास वर्षांत वाहनात व चालकात कोणतीही सुधारणा आढळली नाही, सबब दोघेही ऐतिहासिक, असा त्याचा मजकूर आहे. पाहुणे तो वाचून हसतात. वाचकांपैकीही कुणी हसत असेल, तर त्याने अर्ज करून पाहायला हरकत नाही. गाडी हवीच अशी अट नाही. शेजारी बसणाऱ्या माणसाची साक्ष मात्र आता ग्राह्य धरतात.