तीन उघडझाप, दहा आकडे

म्हाताऱ्या तांडेलानं बोटीवरचा जुना दिवा गच्चीत नेऊन मांडला, तेव्हाच बायको म्हणाली, "अहो, खाली आणा तो. पोरगी घर विसरलेली नाही."

पण ऐकतो कोण. चाळीस वर्षं बोट हाकलेला माणूस, त्यात आज लेक पहिल्यांदा स्वतः सुकाणू धरून बंदरात यायची होती. तिला परवाना मिळाला तेव्हा धक्क्यावर लोक म्हणाले होते, पाठांतर करून पास झालीय, धुकं पडलं की कळेल. ते तांडेलाच्या जिवाला लागलेलं. आणि नेमकं आज तिन्हीसांजेला धुकं पडलं.

किनाऱ्यावरच्या इशाऱ्याच्या बत्त्या ओळखायला लेकीला त्यानंच शिकवलं होतं. ती सहा वर्षांची असताना, स्वयंपाकघरातला दिवा चालू-बंद करून. लांबून सगळ्या बत्त्या सारख्याच, फरक काय तो उघडझापीचा. दोनदा लुकलुकून पाच आकडे मोजेपर्यंत अंधार, तर ते आपलं बंदर. तीनदा लुकलुकून दहा आकडे अंधार, तर तो काळा खडक, मुकाट्यानं मागं फिरायचं. त्यापायी भाज्या करपल्या, बायकोची बोलणी खाल्ली, पण धडा पक्का झाला.

आता गच्चीत बसल्यावर कौतुकाच्या भरात हात गेला तो बंदर सोडून खडकाच्याच धड्यावर. तीनदा उघडझाप, दहा आकडे अंधार. खाली बंदराची बत्ती धुक्यात बुडालेली, टेकडीवरचा याचा दिवा मात्र कसा झगझगीत.

पाव तासानं बायकोनं विचारलं, "अहो, बोटी परत कुठं निघाल्या?"

धुक्याच्या वर डोलकाठ्यांवरचे दिवे तेवढे दिसत होते. पाच बोटी बंदराच्या तोंडाशी येऊन वळल्या होत्या. प्रवाहानं आपल्याला खडकावर आणून टाकलं, असं पाचांनाही वाटलं असणार. आपण खडकाची बत्ती दाखवतोय हे तांडेलाला कळलं, पण हात थांबायचं विसरला. सहावी बोट लेकीची. ती सरळ आत येत होती.

मग त्याला दुसरंच दुःख झालं. पाच जण वळले आणि हिला खडकाची बत्ती कळू नये? म्हणजे लोक म्हणत होते तेच खरं? दिवा टाकून तो अनवाणी धक्क्यावर धावला.

तिथं बंदराचे साहेब उभेच होते. वायरलेसवरून पाचही बोटींना माघारी बोलावून झालं होतं, आता दिवेवाल्याचा शोध चालला होता. तांडेलानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बोटीतून उतरणाऱ्या लेकीलाच धरलं. "तीन आणि दहा दिसलं ना तुला? मग वळली का नाहीस?"

"वळणारच होते," लेक म्हणाली. "मग नीट मोजलं. अंधार दहाचा नव्हता, बाराचा होता. सात झाले की तुम्ही दोनदा खोकता, बाबा, आणि मग आठ म्हणता. स्वयंपाकघरातही तेच. खडकाला कुठला आलाय खोकला?"

साहेबांनी वही उघडली आणि दिवा तुमचाच का, म्हणून विचारलं. तांडेलानं छाती पुढं काढली.

"माझाच. लिहा. आणि खाली हेही लिहा, की पाच तांडेल मला खडक समजले, आणि माझ्या लेकीनं मला ओळखलं."

साहेब म्हणाले, एवढं लिहायला जागा नाही.

"मग दिव्याचं गाळा," तांडेल म्हणाला.