खुशालभाऊंचा ओला तंबू

खुशालभाऊ तंबूपुढे रोज सकाळी सडा टाकत. कोकणातल्या वाळूवरसुद्धा. आधी खराटा फिरवायचा, मग पाणी शिंपडायचं आणि आत झोपलेल्या आम्हा दोघांना हाक मारायची, "उठा बे, अंगनात ऊन आलं!" अंगण म्हणजे समुद्र.

वीस दिवस आम्ही तिघं गाडीत तंबू टाकून फिरत होतो. गाडी प्रवीणची, चालवणाराही तोच. तो मुळात कमी बोलतो. भाऊ इंझोरी गावचे, साठी ओलांडलेले, आमच्या बापाच्या वयाचे. पण दोस्तीत वय पाहू नये, हे मीच त्यांना ऐकवलं होतं. मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला. निघतानाच मी कामाच्या पाळ्यांचा कागद केला. स्वयंपाक, भांडी, पाणी, सगळं सगळ्यांना समान. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी तो कागद चूल पेटवायला वापरला.

"भाऊ, हे चूक हाय. तुमी एकटेच भांडे घासता, म्हंजे आमी फुकटचं खातो."

"मंग कमी खात जाय."

"मुद्दा तो नाही!"

"मुद्दा जेवल्यावर सांग. भाजी थंडी होऊन राह्यली."

वांग्याला फोडणी कशाची इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत आम्ही भांडलो. हरायची वेळ आली की ते म्हणत, "घाई कायची हाय? उद्या पाहू." आणि दुसऱ्या दिवशी खरंच तिथूनच सुरू करत.

परतीला मात्र त्यांची सवड फारच वाढली. केनवडच्या बाजारात कोथिंबिरीची एक जुडी घ्यायला त्यांनी तासभर लावला. पुढे किन्हीराजाजवळ, घर दीड-दोन तासांवर असताना, ओळखीच्या शेतात मुक्काम करायला लावला. "अंधाराचं घरी जानं बरं नाही," म्हणाले. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

सकाळी तंबू काढायला गेलो तर कापड ओलंचिंब.

"दव पडलं," भाऊ म्हणाले. "ओला गुंडाळला तं बुरशी धरते. वाळू दे."

दहाला पाहिलं, तरी ओला. अकराला मी तंबूच्या मागे गेलो, तर भाऊ तांब्यानं कापडावर पाणी मारत होते.

मी भडकलो. "भाऊ! ही फसवनूक हाय! तिघाइचा दिवस तुमी एकट्यानं ठरवता? याले हुकूमशाही म्हंतात!"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी उलट उत्तराची वाट पाहत होतो. ते तंबूची खुंटी बोटानं हलवत म्हणाले, "घरी मले कोनी असं बोलत नाही."

"म्हंजे?"

"तुयी काकू होती तवर होतं. मिठावरून भांडे, चपलेवरून भांडे. आता पोरगा, सून, दोघंबी सोन्यासारखे. मी म्हनलं सूर्य मावळतीले उगवते, तरी 'हो बाबा'. ताट येते, ताट जाते." मग म्हणाले, "तू वीस दिवसांत मले एकदाबी हो नाही म्हनलं."

या मुद्द्यावर माझ्याजवळ पत्रक नव्हतं.

तंबू वाळायला दुपार झाली. आम्ही दोघांनी घडी घातली आणि घडीवरूनही भांडलो. मी लांबीत म्हणत होतो, ते रुंदीत. पण भाऊंचा जोर नव्हता. लांबीत घातली घडी. प्रवीण खुंट्या गोळा करत राहिला.

इंझोरीला घरासमोर गाडी थांबली. सून लगबगीनं बाहेर आली, भाऊंच्या हातातली पिशवी घेतली. "बाबा, थकले असान. पडा थोडे."

"हो," भाऊ म्हणाले आणि तिच्या मागे चालू लागले. तो मवाळ आवाज मी वीस दिवसांत ऐकला नव्हता.

मी गाडीची काच खाली केली. "भाऊ, परवाचा भात तुमी बिघडवला. पानी जास्त टाकलं."

ते उंबऱ्यावरून गर्रकन वळले. "काय म्हनतं? पानी तू टाकलं, लेका! उतर खाली!"

प्रवीणनं गाडी बंद केली.