बर्फगाडीची तीन इंजिनं

आमच्या पाणंदीत बर्फ पडतो हे गावानं दोन दिवसांत मान्य केलं; माझ्या म्हशीच्या दुधाला सात फॅट आहे, यावर मात्र कधी कोणाचा विश्वास बसला नाही.

बर्फाचं काही अवघड नाही. घाडगेवस्तीपासून गावातल्या दूध संस्थेपर्यंत जी पाणंद जाते, तेवढ्यातच तो पडतो. दोन्ही बाजूंना घायपाताचं कुंपण आहे. कुंपणाच्या आत गुडघाभर बर्फ, बाहेर मटकी. मटकीवर कण पडत नाही. तलाठी येऊन बघून गेले, पंचनाम्यात ‘पाणंद सध्या पांढरी’ असं लिहिलं आणि विषय मिटला. उन्हाळ्यात जरा जास्त पडतो. शेतात खुरपायला बसलेल्या बायका तहान लागली की कुंपणावरून हात घालून मूठभर घेतात.

दुधाचं तसं नाही. संस्थेत फॅटच्या मशीनवर बसतात ते माझे थोरले दीर. संस्थेचे सचिवही तेच. त्यांचं नाव मी घेत नाही. सासरच्या थोरल्या माणसाचं नाव बाईनं घ्यायचं नसतं, आणि मी तोंडाची कितीही फाटकी असले तरी ही एक रीत लग्न झाल्यापासून पाळली आहे. तेही माझ्याशी थेट बोलत नाहीत. आम्ही समोरासमोर उभे राहतो आणि मधल्या माणसाशी बोलतो. मधे माणूस नसला तर दुधाच्या कॅनशी.

“हिला सांगा, तीन पॉइंट दोन,” ते कॅनला म्हणायचे.

“यांना सांगा, चांदीच्या दुधात चमचा उभा राहतो,” मी कॅनला म्हणायचे.

चांदी म्हणजे माझी म्हैस. रंगानं तव्यासारखी, पण रेडकू असताना कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदी. तिला मी सरकी घालते, मका घालते, वेळेवर पाणी दाखवते. तिला तीन पॉइंट दोन. थोरल्यांची म्हैस उकिरड्यावर कागद खाते. तिला सात.

मी तालुक्याला जाऊन तक्रार केली होती. तिथला कारकून म्हणाला, “कोणाविरुद्ध?” मी म्हटलं, मशीनवर बसतात त्यांच्याविरुद्ध. “नाव?” म्हटलं, नाव घेत नाही. “मग लिहून द्या.” म्हटलं, लिहिणं म्हणजे हातानं घेणंच की! त्यानं पेनाला टोपण लावलं. नाव नसलेल्या माणसाविरुद्ध तक्रार घेता येत नाही म्हणे. आमचे मालक भावापुढं तोंड उघडत नाहीत. झालं. गावात मला ‘पाणीवाली’ म्हणू लागले. आणि आता संस्थेनं ठराव आणला की ज्या म्हशीचं दूध सारखं पातळ येतं, त्या सभासदाला पुढच्या सभेत काढून टाकायचं. सभेची वेळ थोरल्यांनी ठरवली. ऐन धारेची. वस्तीवरची बाई धार सोडून सभेला येणार कशी?

एवढ्यात बर्फगाडीचं निघालं.

बैलगाडी बर्फात घसरते, सायकल रुतते, आणि मी वस्तीचं दूध पत्र्यावर ठेवून ओढत नेत होते. त्यावर जिल्ह्याहून बर्फगाडी मंजूर झाली. गाडी एकच, पण कंपनीनं तीन इंजिनं पाठवली. रोज एक बसवून बघा, आवडेल ते ठेवा. पारख करायला निमसे साहेब आले. गोरे, गंभीर, गळ्यात मफलर. तो त्यांनी फक्त पाणंदीत गुंडाळायचा आणि बाहेर आलं की घाम पुसत काढायचा. चालवायला मी. चौथी पास आहे, पण ट्रॅक्टर चालवते, आणि पुरुषांना बर्फात पाय गार पडतात.

साहेब म्हणाले, “तीन गोष्टी तपासायच्या. सुरळीतपणा, ताकद आणि वाटेवरचं वागणं.”

“सून बघायला आल्यासारखं बोलताय की,” मी म्हटलं.

इंजिन पारखणारं गावात कोणी नव्हतं, म्हणून येसाजीनानांना बोलावलं. नानांनी उभा जन्म शर्यतीच्या बैलांत घालवला. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, “तोंड उघडा हिचं.”

कंपनीच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं. नानांनी वाकून प्लग मोजले.

“दोनदाती हाय. अंगानं हलकं. वळणाला झ्याक चालंल. पर लाथा मारंल, सगुणा, संभाळून बस.”

साहेबांनी ‘दोनदाती’ असं नोंदवलं.

नानांचा शब्द खरा ठरला. निळा धूर सोडत ते दोनदाती असं सुटलं की माझा पदर मागं राहिला. चिंचेचं वळण शेळीसारखं काढलं. विहिरीचं वळण दोन कोलांट्यांत. म्हसोबाच्या वळणाला तर ते वळलंच नाही, वरून उडी मारून गेलं. मी ओरडत होते, पण भीतीनं नाही, मजेनं. लग्नानंतर इतकं कोणी मला हिंदकळवलं नव्हतं. संस्थेच्या कट्ट्यापाशी थांबलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि कॅनची झाकणं उघडेनात.

“सगुणाबाई, दूध कुठाय?”

“हे काय.”

“हे लोणी आहे.”

“निघालं तेव्हा दूध होतं, साहेब.”

साहेबांनी ‘सुरळीतपणा : ताक होईपर्यंत’ असं लिहिलं. मी पुढं सरसावले. वस्तीवरच्या बाकीच्या कॅनमध्ये बोरांएवढं लोणी आलं होतं. लाल दोरा बांधलेला माझा कॅन. त्यात नारळाएवढा गोळा.

“आता बघा! पाण्याला लोणी येतं का? यांना विचारा!”

थोरले नानांकडं तोंड करून म्हणाले, “नाना, साहेबांना सांगा, संस्था लोणी घेत नाही. खाली उरलंय ते मापायचं.” त्यांनी ताक मशीनला लावलं. “शून्य पॉइंट चार.”

“पहिल्यांदाच खरं बोललं मशीन,” मी म्हटलं.

साहेब माझ्याकडं वाईट वाटल्यासारखे बघत होते. पण म्हणाले, “नियमाप्रमाणे कॅनमध्ये पातळ जे असेल तेच मोजावं लागतं, बाई.” मग सगळ्यांनी भाकरी मागवली आणि माझा पुरावा खाऊन टाकला. साहेबांनी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुसरं इंजिन. नानांनी तोंड बघितलं. “चारदाती. जड हाय, सोशीक हाय. ह्याच्यावर नवरी बसवावी.”

चावी फिरवली, आवाजच आला नाही. मी बसून राहिले. बसून बसून डोळा लागला. उघडला तर समोर संस्थेचा कट्टा.

“वळणं कशी घेतली?” साहेबांनी विचारलं.

“आली नाहीत मधे कुठं.”

नाना कट्ट्यावर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, “गाडी हललीच न्हाई, साहेब. म्या डोळ्यानं बघितलंय. गावच सरकलं वस्तीकडं.”

साहेबांनी वस्तीवर फोन लावला. आमचे मालक म्हणाले की हो, शाळेची घंटा आज लई जवळनं ऐकू आली, आणि देवळाचा कळस गोठ्याच्या मागं दिसून गेला. साहेबांनी मान हलवली. एवढं सुरळीत इंजिन त्यांनी पाहिलं नव्हतं, पण गाव हलवायचं तर रोज महसूल खात्याची परवानगी काढावी लागेल, असं त्यांनी लिहिलं. संध्याकाळी मी रिकामे कॅन घेऊन परत गेले तेव्हा गाव आपल्या जागेवर गेलं. कोणाचं भांडंसुद्धा पडलं नाही.

दूध मात्र इतकं निवांत आलं होतं की माझ्या कॅनवर भाकरीएवढी जाड साय धरली होती. मी काही बोलायच्या आत थोरल्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि आपल्या डब्यात ठेवली.

“नाना, साहेबांना सांगा, साय मशीनच्या नळीत अडकते. कचरा काढावा लागतो.” मग खालचं दूध लावलं. “तीन पॉइंट दोन.”

“कचरा डब्यात ठेवतात का, ते विचारा त्यांना!”

“नाना, हिला सांगा, उद्या सभा आहे. काय विचारायचं ते सभासदांनी सभेत विचारावं. आणि ही तर उद्यापासून सभासदच नाही.”

घरी जाऊन मी चांदीच्या मानेला मिठी मारून बसले. रडले नाही. तिला म्हटलं, बाई, उद्या तुझी धार आणि माझी सभा एकाच वेळी आहे, आणि तू काही लवकर पान्हा सोडायची नाहीस.

तिसरं इंजिन वस्तीवर आणून बसवलं. नाना तिथंच मुक्कामाला आलेले. त्यांनी तोंड बघितलं आणि एक पाऊल मागं सरले.

“हे पण चारदाती. पर नाकानं वारं वढून घेतंय. असं जनावर म्या एकदाच बघितलं. शर्यत सुटायच्या आदी जिंकून बसलं हुतं.”

मी धार काढली. कॅन भरले, झाकणं लावली, लाल दोरा घट्ट केला. सभा एव्हाना संपलेली असणार, हे मला माहीत होतं. नाना मागं बसले. मी मूठ पिळली.

आता ताकद म्हणजे काय ते मी सांगते. चिंच दिसली नाही. विहीर दिसली नाही. म्हसोबाला हात जोडायचे राहिले. बर्फ दोन्ही बाजूंनी भिंतीसारखा उभा राहिला आणि आम्ही पोचलो तेव्हा संस्थेच्या व्हरांड्यात सभासद नुकतेच सतरंजी अंथरत होते. चहा यायचा होता. सभा सुरू व्हायची होती. थोरल्यांची बायको, माझी जाऊ, झाडू हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

थोरले गडबडले. मला सभेला बसू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी घाईघाईनं माझा कॅन ओढला, लाल दोरा बघितला, मशीनला टिचकी मारली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “तीन पॉइंट दोन. पाणी. सांगा तिला, जाऊ दे घरी.”

“झाकण उघडा,” निमसे साहेब म्हणाले.

“कशाला, साहेब? रोजचंच आहे.”

“उघडा.”

झाकण उघडलं. कॅन रिकामा होता. कोरडा, घासलेला, आतून लख्ख.

साहेबांनी आत हात घालून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. “बाई, दूध?”

मलाही तेव्हाच कळलं. “अजून काढलं नसेल, साहेब. आम्ही लवकर पोचलो.”

साहेबांनी वस्तीवर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. मालक म्हणाले, “चांदीला आत्ता कुठं पान्हा फुटतोय. सगुणा बसलीय धारंला. देऊ का?”

“द्या.”

“कोण आहे?” माझाच आवाज आला, तिरसट. “मला वेळ नाही. माझी सभा बुडतेय.”

“बुडत नाही,” मी फोनमध्ये म्हटलं. “तू धार नीट काढ.”

“शहाणपणा शिकवू नको,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. बाई खमकी आहे.

साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी आधी इंजिनांचा निकाल लिहिला, कारण ते त्याचसाठी आले होते. वाटेवरचं वागणं पहिल्याचं उत्तम, सुरळीतपणा दुसऱ्याचा, ताकद तिसऱ्याची. संस्थेनं तिसरं घ्यावं, मात्र अर्ध्या मुठीवर चालवावं, म्हणजे दूध मागं राहणार नाही. मग पान उलटलं. “आता न काढलेल्या दुधाला फॅट कसं लागलं, ते. इथं दोष कोणाचा ते लिहावं लागतं.”

थोरले घामानं भिजले होते. “नाना, सांगा त्यांना, इंजिनाचा दोष. इतक्या लवकर आणलंच का?”

“ताकद मी गुणांत लिहिली आहे,” साहेब म्हणाले. “तीच दोषांत लिहिता येत नाही.”

“बर्फाचा,” मागून कोणीतरी म्हणालं.

“बर्फ तलाठ्यांकडे येतो.”

“मग म्हशीचा. वेळेवर पान्हा सोडत न्हाई.”

“म्हशीचं नाव काढलं तर याच कॅननं टाळकं फोडीन!” मी ओरडले.

“रीडिंग कोणी सांगितलं?” साहेबांनी विचारलं.

“सचिवांनी,” दोघंतिघं पुटपुटले.

“पद दोषी धरता येत नाही. माणसाचं नाव हवं. वडिलांच्या नावासकट.”

सभासद सतरंजीच्या सुरकुत्या काढायला लागले. सगळ्यांना संध्याकाळी दूध घालायचं होतं. येसाजीनाना कानात बोट घालून अचानक बहिरे झाले. जावेनं झाडू छातीशी धरला. थोरले माझ्याकडं बघून गालात हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं. त्यांना माहीत होतं की वडिलांचं नाव म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. एक नाव जिथं बाहेर पडत नाही, तिथं दोन कुठली पडायची?

मी डोक्यावरून पदर घेतला, नीट खोचला. मधे नाना नको, कॅन नको. त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“लिहा साहेब,” मी म्हटलं. “सावकाश सांगते, खाडाखोड नको. निवृत्ती भिकू घाडगे.”