बोरटोल्याच्या मंडईत काळी दोन सर झाली, त्याची बखर

शके १९०८, क्षयनाम संवत्सर, कार्तिक मासी दिवाळी सरून मंडई, म्हणजे आमचे मुलखीची जत्रा, भरली ते समयी, मौजे बोरटोला, तालुके गोंडपिपरी येथे जो घोर संग्राम जाहला, त्याची ही हकीकत. चिरंजीव नात मनकर्णा इणे आज्ञा केली की, आजीने आपल्या पेटीच्या एका काळ्या पट्टीखाली विडीचे थोटूक काय निमित्ते खोवून ठेविले आहे, ते साद्यंत लिहून द्यावे. आज्ञा शिरसा वंदून लेखणी धरिली. बखर लिहिणार आणि बखरीतील सेनापती ही एकच केसरबाई असल्याकारणे पराक्रम मापात पायलीभर अधिक भरल्यास वाचणारांनी वरून हात फिरवून घ्यावा.

पूर्वपीठिका ऐसी जे, बोरटोल्यात महिला भजन पार्टी नामे एक लष्कर होते. असामी चार. गळ्याच्या सरदार वज्रचुडेमंडित रुखमाबाई, पेटीच्या तोफखान्यावर केसरबाई, झांजांच्या पथकावर गुणाबाई, आणि ढोलकीवर राजमान्य राजश्री पोचूभाऊ, जे महिला नव्हते, परंतु गावात दुसरा ढोलकीवाला नसल्याने त्यांस तेवढ्यापुरती माफी दिली होती. पेटी जुनी होती आणि एके वर्षी उंदरीण आत शिरून बाळंत झाली, आणि तिची प्रजा निघून गेली, मग पाहतात तो वरच्या काळ्या दोनचा, म्हणजे वरच्या सप्तकातील दुसऱ्या काळ्या पट्टीचा, आवाजच गेला. पट्टी दाबावी तर नुसती हवा. पेटी दुरुस्त करणारा चंद्रपुरास आणि धानाचा रोवणा म्हणजे भातलावणी तोंडावर, मग जावे कोणी? तेव्हा रुखमाबाईंनी बांधीच्या, अर्थात भातखाचराच्या, चिखलातूनच फर्मान सोडिले, "राहू दे न वं केसर. तिथं मी आहो न."

त्या दिवसापासून वहिवाट ऐसी पडली की, गाणे त्या सुराशी आले म्हणजे पेटी गप्प होई आणि पोचूभाऊ ढोलकीवरून हात उचलीत, आणि त्या मोकळ्या जागेत रुखमाबाई एकट्या तो सूर लावीत, ऐसा की बांधावरचे बैल चारा सोडून मान वर करीत. पुढे पुढे गाणीच त्या जागेभोवती बसविली गेली. काळी दोन ही रुखमाबाईंची जहागीर, हे चारी दिशांस जाहीर झाले.

मग काळ फिरला. केसरबाईंचे यजमान श्रीहरी यांस माजरीच्या कोळसा खाणीत चाकरी लागली, आणि केसरबाई पेटीसुद्धा त्या मुलखी दाखल झाल्या, आणि पार्टी मोडली. निघतेवेळी रुखमाबाईंनी दारात उभे राहून निरोप दिला तो असा, "जाय. पेटी बी घेऊन जाय. आमचं का पेटीवाचून अडून राह्यलं?" आणि घरात जाऊन कवाड लोटले. त्याउपरि दोघींत शब्द नाही. इकडे माजरीत जुन्या पेटीस उधळी म्हणजे वाळवी लागून तिचा भुगा झाला. तिकडे रुखमाबाईंनी मंडईत गाणेच टाकिले. पुष्कळांनी गळ घातली, परंतु मोकळी जागा सोडणारी पेटी त्यांस मिळेना, हे केसरबाईंस ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर पुढील मूर्खपणा घडता ना आणि ही बखरही लिहावी लागती ना.

शके १९०८ चे दिवाळीपूर्वी पोचूभाऊ वकिलीस माजरीस आले. मसलत सांगितली की, यंदा मंडईस वरोऱ्याहून बॅटरीवर वाजणारा ऑर्केस्ट्रा येत आहे आणि गावाची अब्रू जाते, सबब जुनी पार्टी उभी करावी. केसरबाईंनी आधी पुसिले, रुखमा काय म्हणते? वकील डोके खाजवून वदले, "म्हणते, येईन. पण तिच्यासंग बोलीन नाई. गाईन तेवढं."

हे ऐकून केसरबाईंचे डोळे भरले आणि लागलीच डोक्यात हवाही भरली. रुखमाचे मन एका फटक्यात जिंकावे या इराद्याने त्यांनी यजमानांकरवी नागपुराहून नवी कोरी पेटी आणविली, सर्व सूर शाबूत. वरची काळी दोन तर घंटेसारखी वाजे. केसरबाईंनी स्वयंपाक करपवून रोज तिचाच सराव केला. श्रीहरी यांनी करपल्या भाजीवर शेरा मारिला की, पेटीच वाढा आता ताटात. तो शेरा दप्तरी दाखल केला नाही.

मग कूच झाले. तोफखाना एस.टी.च्या टपावर चढविण्याचा कंडक्टरांचा हुकूम केसरबाईंनी साफ धुडकाविला आणि पेटी मांडीवर घेऊन भद्रावती, चंद्रपूर ऐशी ठाणी मागे टाकीत गोंडपिपरीस उतरल्या, तेव्हा दोन्ही पाय मुंग्यांनी काबीज केले होते आणि सेनापतीस दोघा पासिंजरांनी धरून खाली ठेविले.

रणभूमी म्हणावी तर बोरटोल्याचे नदीकाठचे पटांगण. आकाशपाळणा, उसाच्या मोळ्या, बांगड्यांची दुकाने, आणि जिलेबीच्या कढईभोवती अर्धा तालुका. बैलगाडीचे धुरे टेकवून मंच केला होता. रुखमाबाई आधीच चढून पाठ करून बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. केसरबाईंनी "रुखमा" म्हणून हाक घातली, त्यावर रुखमाबाईंनी गुणाबाईंस फर्माविले, "त्या बाईले म्हणा, सूर दे."

सूर दिला. रोवण्याचे गाणे उचलले, जे रुखमाबाईंनी स्वतः रचिले होते:

"बांधीत पाय, पाण्यात आभाळ,
वाका वं बायांनो, हिरवं लावा..."

आणि काय सांगावे! तोच गळा. आकाशपाळणेवाल्याने पाळणा थांबविला, वरची माणसे वरच लटकत राहिली आणि तक्रार करिती ना. ऑर्केस्ट्राचे लोक बॅटरी बंद करून जवळ आले. गाणे चढत चढत त्या जागेशी आले, पोचूभाऊंनी हात उचलला, रुखमाबाईंनी श्वास भरला, आणि केसरबाईंनी मोठ्या दिमाखाने नवी काळी दोन दाबिली.

घंटा वाजली. रुखमाबाईंचे तोंड उघडे ते उघडेच राहिले, मग मिटले. त्या उठल्या, पदर झटकला आणि इतक्या वर्षांनंतर केसरबाईंशी पहिल्यांदा थेट बोलल्या, "पेटीच म्हणून राह्यली त मी कायले उभी आहो? वाजव तू. मी चालली जिलेबी खायाले."

आणि गाडीवरून उतरून चालू लागल्या. फौजेत एकच दाणादाण झाली. गुणाबाईंची एक झांज निसटून घरंगळत उसाच्या मोळीत गेली. लोक हसले. कोणी ओरडले, "केसरबाई, पेटी इका न भजे तळा!" इका म्हणजे विका. सल्ला वाजवी होता. ते समयी केसरबाईंस उमगले की ज्या सुरासाठी महिनाभर भाजी करपविली, तो आपला नव्हेच. दुसऱ्याच्या जहागिरीत तोफा घेऊन आपण शिरलो.

मग सेनापतींनी पोचूभाऊंच्या कानामागे खोवलेली अर्धी विडी ओढून काढिली.

"बाई, ते मले पेटवाची हाय!" ढोलकी सरदारांनी आक्रोश केला.

"भाऊ, आज ते पेटणार नाई," ऐसे बोलून केसरबाईंनी ती विडी नव्या कोऱ्या पेटीच्या काळ्या दोनखाली दाबून बसविली. पट्टी जागच्या जागी अडली. मग पुन्हा गाणे उचलले, नुसत्या पेटी-ढोलकीवर, गळ्यावाचून. जागा आली. पेटी गप्प, ढोलकी गप्प. सारे पटांगण सुराच्या त्या खड्ड्यापाशी थांबले. कढईत जिलेबी तळल्याचा आवाज तेवढा येत होता. रुखमाबाईंची पाठ हलली नाही.

दुसऱ्याने गाणे फिरवून आणिले. जागा आली आणि रिकामी गेली. तरी केसरबाईंनी भाता सोडिला नाही.

तिसऱ्याने जागा आली, आणि जिलेबीच्या कढईकडून, तोंडात पाक असताना, तो सूर आला. ऐसा आला की जिलेबीवाल्याचा झारा हातातच राहिला. रुखमाबाई तो सूर तसाच धरून, गर्दी दुभंगीत, चालत आल्या आणि गाडीवर चढल्या आणि या खेपेस पाठ करून बसल्या नाहीत. फत्ते झाली.

तह झाला त्याची कलमे: केसरबाईंनी दर मंडईस यावे, विडी काढू नये, पोचूभाऊंस विड्यांचा नवा कट्टा द्यावा. लूट म्हणून रुखमाबाईंच्या मुठीतली अर्धी चेपलेली जिलेबी केसरबाईंस मिळाली. "खाय," एवढेच बोलल्या, "आन् काऊन रडून राह्यली वं, लोक पाहून राह्यले."

आता रुखमाबाई जाऊन तीन रोवणे झाले. पेटी दुरुस्त करणारे दारी येतात आणि विडी उपटू पाहतात, त्यांस आम्ही चहा पाजून वाटेस लावितो. गाणे त्या जागेशी आले म्हणजे हात उचलतो, आणि थांबतो, आणि पुढे जातो. चिरंजीव मनकर्णेस ताकीद असे की, त्या पट्टीस कोणी हात लावू नये. जहागीर खालसा केलेली नाही. दुसऱ्या कोणाची नेमणूकही नाही.