नवमीचं तिकीट

भाद्रपद लागला की दामोदरकाका गळ्यात शिंप्याची टेप अडकवून गल्लीत फिरायला लागतात. लेकरू दिसलं की त्याला भिंतीला टेकवून उभं करतात, टाचा जमिनीला लागल्या का ते वाकून बघतात, डोक्यावर पुठ्ठा ठेवतात आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारतात. मी लग्न होऊन सिंदीत आले तेव्हा मला याचं काही वाटलं नव्हतं. माझी ईश्वरी तीन वर्षांची झाली आणि ते तिला मोजायला आले, तेव्हा मात्र मी तिचा हात धरून ठेवला. पितृपक्षाच्या तोंडावर एक उंच, वाळका म्हातारा आपल्या पोरीचं माप घेऊन जातो, हे कोणत्या आईला आवडेल?

माप होतं पार्कसाठी. नागपूरच्या अलीकडे हायवेला लागून एक मोठा पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, झुले, आकाशपाळणा, सगळं आहे. ठरावीक उंचीच्या खालच्या लेकराला तिकीट लागत नाही. काका वर्षातून एकदा गल्लीतल्या लोकांना तिथे घेऊन जातात आणि इतक्या स्वस्तात आणतात की पार्कवाल्यांनाच त्यांची दया यावी.

काका आमचे शेजारी. उभा जन्म एका कापूस व्यापाऱ्याकडे दिवाणजी म्हणून गेला. मूलबाळ नाही. सुमनकाकू माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या, मी त्यांना फोटोतही पाहिलेलं नाही. व्यापाऱ्याकडे राहून काकांच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "भाव उतरू द्या." भाजी ते बाजार उठताना घेतात, छत्री हिवाळ्यात, पंखा पावसाळ्यात आणि दिवाळीचं धोतर तुळशीच्या लग्नानंतर. एकदा दाढ दुखत होती, तेव्हाही डॉक्टरकडे जायच्या आधी त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. कशाची, ते दाढेलाच माहीत.

पार्कच्या सहलीचे त्यांचे नियम ओट्यावर बसून ऐकावे लागतात. जायचं पॅसेंजरने. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात, ते तिथे भाड्याने घ्यायचे नाहीत. काकांनी जुन्या साड्यांचे शिवून ठेवलेत. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर लिंबाखाली बसून दाबून जेवायचं. काठावरच्या उंचीच्या पोरींनी वर बुचडा बांधायचा नाही. सामान ठेवायला कपाट घ्यायचं नाही, काका स्वतः बाकावर बसून सामान सांभाळणार. आणि माणसं बरोबर दहा, कारण दहा तिकिटांवर एक फुकट.

दिवसही तेच ठरवतात आणि तो दर वर्षी पितरातलाच असतो. माझ्या सासूबाईंनी गेल्या वर्षी सरळ सांगितलं की पितरात झोके खेळायला जाणं बरं नाही, वरून नवमी, सवाष्ण गेलेल्या बायांचा दिवस. काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "म्हणूनच कोणी जात नाई, वहिनी. गर्दी नसली की भाव उतरते." पण आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी ईश्वरीच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला.

आम्ही पहिल्यांदाच जात होतो. मी, माझा नवरा, ईश्वरी आणि गल्लीतली आणखी दोन घरं. गाडीत काका खिडकीजवळची जागा सोडून बसले. तिथे पिशवीही ठेवली नाही. बुटीबोरीला एक माणूस चढला आणि त्या जागेवर टेकणार, तोच काका हळूच म्हणाले, "कोणी बसलं आहे." माणसाने खिडकीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि दारात जाऊन उभा राहिला. मला वाटलं, हीसुद्धा काकांची पाय पसरायची युक्ती असेल. पण त्यांनी पाय पसरले नाहीत. उतरेपर्यंत अंग चोरून बसले होते.

पार्कच्या तिकीट खिडकीवर मी त्यांच्या मागेच होते. आतल्या मुलीने दहा तिकिटं दिली आणि वर एक फुकटचं सरकवलं. काकांनी ते परत सरकवलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून वेगळे ठेवलेले पैसे काढले आणि आणखी एक तिकीट पुऱ्या किमतीचं घेतलं. मी डोळे चोळले. या माणसाने कोथिंबिरीच्या फुकट काडीसाठी बाजारात तासभर वाद घातलेला मी पाहिला होता. त्या मुलीला मात्र नवल वाटलं नाही. तिने तिकीट दिलं आणि नमस्कार केला.

आत शिरायला फिरता दांडा होता. एक तिकीट दाखवलं की एक माणूस ढकलून आत जातो. आम्ही सगळे गेलो. काकांनी एक तिकीट दाखवलं, दांडा हाताने फिरवला आणि बाजूला होऊन उभे राहिले. कोणी गेलं नाही. जेवढ्या वेळात एक बाई साडी सावरून आत जाईल, तितका वेळ ते थांबले. मग दुसरं तिकीट दाखवून स्वतः आले. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो म्हणाला, म्हातारे झालेत, तू काही विचारू नको.

पार्क रिकामा होता. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, वारा नाही. कर्ण्यातून विदूषकाचं हसणं वाजत होतं, संपलं की परत पहिल्यापासून. ऐकायला कोणी नव्हतं तरी तो हसत होता. होड्यांचा झुला रिकामाच वरखाली होत होता. माझा नवरा एकटाच आकाशपाळण्यात बसून आला, मग पोरं पाण्याकडे पळाली, बाकीचे त्यांच्यामागे गेले. मी टॉवेल घ्यायला परतले, तर बाकावर सामान होतं आणि काका नव्हते. सामान सोडून काका उठले, हे पाहूनच माझ्या अंगावर काटा आला.

ते आकाशपाळण्याखाली सापडले. जुन्या पद्धतीचा पाळणा. वरून एका दांड्याला टांगलेले डबे, प्रत्येकात समोरासमोर दोन बाकं. चालवणारा आमच्याच भागातल्या हिंगणी गावचा माणूस होता. त्याने एका डब्याचं दार उघडलं, जरा थांबला, दार लावलं, कडी घातली. डब्यात कोणीही नव्हतं. चाक सुरू झालं. तो डबा वर गेला, खाली आला. समोरून गेला तेव्हा काकांनी मान वर करून हात हलवला. परत आला, परत हलवला. चेहऱ्यावर हसू होतं, लेकराला झुल्यावर बसवून खाली उभ्या असलेल्या माणसाचं असतं तसं.

मला पळून जावंसं वाटलं. तरी मी जवळ गेले आणि विचारलं, "काका, कोण आहे वर?"

त्यांनी डब्यावरची नजर काढली नाही. मग सांगितलं. सुमनकाकूंना या पाळण्यात बसायचं होतं. पार्क नवा झाला तेव्हापासून त्या म्हणायच्या. काका म्हणायचे, उन्हाळ्यात महाग असते, पावसाळ्यात नेतो. पावसाळ्यात म्हणायचे, दिवाळीनंतर सूट लागते. काकू हट्ट करणाऱ्या नव्हत्या. अशी नऊ वर्षं गेली, आणि मग एका आठवड्याच्या तापात त्या गेल्या.

"म्हणून तिले फुकटच्या तिकिटावर नाई आणत," काका म्हणाले. "सूट लावूनही नाई. बाकी तुम्हाले सगळ्यांले आणतो, कारण तिले गर्दी लागे. एकटीले करमत नव्हतं."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बसत सोबत? त्यांनी मान खाली घातली. उंचावर त्यांचे पाय लटपटतात, घराच्या माळ्यावरसुद्धा चढत नाहीत. मग म्हणाले, "तू बसते काय, सूनबाई? तिच्यासमोर. एकटी भेत असन ती."

नाही म्हणायला माझ्याकडे शंभर कारणं होती. पण चाक थांबलं होतं आणि दार उघडं होतं.

मी बसले. समोरचं बाक रिकामं. चाक फिरलं. विदूषकाचं हसणं खाली राहिलं आणि वर एकदम शांत झालं, इतकं की कडीचा बारीक आवाज ऐकू येत होता. दूरवर हायवे, त्यापलीकडे कपाशीची शेतं. मग माझ्या लक्षात आलं. असा टांगलेला डबा माणूस बसतो त्या बाजूला कलतो. मी काही हलकी बाई नाही. मघाशी माझा नवरा एकटाच एका डब्यात बसून आला होता, तेव्हा तो डबा चांगला तिरपा झालेला आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि हसलो होतो. माझा डबा सरळ होता. अगदी ओळंब्यात. वर गेल्यावरही, खाली येतानाही.

मी समोर बघायचं टाळलं. मग दुसऱ्या फेरीत बघितलं. काही नव्हतं. पण भीती कुठे गेली ते कळलं नाही. बसस्टॉपवर एखादी अनोळखी बाई शेजारी बसते आणि आपण दोघी काही न बोलता एकाच दिशेला बघत राहतो, तसं वाटलं.

खाली उतरले तर काका दारातच उभे होते. "भेली तर नाई ना?"

त्यांचं मन राखायला काहीतरी सांगायचं मी वर असतानाच ठरवलं होतं. पण तोंडातून जे खरं होतं तेच निघालं. "नाही काका. डबा जराही कलला नाही. नीट बसल्या होत्या."

काका माझ्याकडे बघत राहिले. चालवणाराही बघत राहिला; त्याने तो डबा पाहिलाच असणार. मग काकांनी दाराची कड धरली, डोळे मिटले आणि एक पाय आत टाकला. मी हाताला आधार दिला. ते आत जाऊन एका बाकावर बसले, समोरचं बाक मोकळं सोडून, आणि डब्यातला आडवा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

चाक हळू फिरलं. पहिल्या फेरीत डोळे मिटलेलेच होते. दुसऱ्या फेरीत उघडे होते. तिसऱ्या फेरीत डबा खालून गेला तेव्हा काका पुढे वाकले होते, एक हात दांड्यावरून सुटला होता आणि ते सारखे काहीतरी सांगत होते. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत.

फेऱ्या पुऱ्या झाल्या. चालवणाऱ्याने बंद करायच्या खटक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, थांबवू का म्हणून.

"राहू द्या," मी म्हणाले. "बोलून राह्यले ते."