आमच्या घरची म्हणते

टीव्हीतल्या नवऱ्याला भाजी करता येत नाही, याचा राग येणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. आमचे शेजारी देवाजीभाऊ. पोंभुर्ण्यात तेव्हा केबल नुकतीच आली होती आणि दर गुरुवारी संध्याकाळी भाऊ आमच्याकडे एक हिंदी विनोदी मालिका पाहायला यायचे. बायको माहेरी गेली की त्यातला नवरा स्वयंपाकघरात शिरायचा, कढई जाळायचा, पीठ अंगावर पाडून घ्यायचा. आम्ही पोट धरून हसायचो. भाऊ मात्र खुर्चीतून अर्धे उठून ओरडायचे, "अरे भैताडा, तेल तपू दे ना आधी!" मग आमच्या नजरा वळल्या की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "म्हंजे, आमच्या घरची म्हणते असं."

मालिकेत मागून हसण्याचे आवाज आले की त्यांचा आणखी एक प्रश्न ठरलेला. हे कोन हासून राह्यलं, दिसत तर नाई कोनी? मी सांगायचो, ते हसू आधीच भरून ठेवलेलं असतं. शाळामास्तराचं हे उत्तर त्यांना कधी पटलं नाही.

भाऊ वनरक्षक म्हणून रिटायर झालेले. तीस वर्षं जंगलातल्या नाक्यांवर काढली, हातानं रांधून खाल्लं, आणि ते छातीठोक सांगायचे. कारण जंगलातलं रांधणं म्हणजे ड्युटी. घरातलं म्हणजे बायकांचं काम! "घरच्या चुलीले आपन हात नाई लावला," असं चारचौघांत म्हणायचे, आणि बोटांवर हळद तशीच असायची.

वहिनींचे दोन्ही हात संधिवातानं वाकडे झाले होते. पाण्याचा गिलाससुद्धा धरवत नसे. तरी दर गुरुवारी भाऊ वाटी घेऊन यायचेच. पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, एरवी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. घरचीनं धाडलं म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, वहिनींच्या हाताला काय चव आहे हो! खरं काय ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, पण भाऊंच्या मिशीला धक्का नको म्हणून सगळे गप्प. आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार? मला अजून चहा टाकता येत नाही.

मग एका उन्हाळ्यात वहिनी गेल्या. वाटी बंद झाली. भाऊ बसस्टँडजवळच्या भोजनालयात जेवू लागले, महिन्याभरात गालफडं बसली. गुरुवारी येऊन बसायचे, पण पडद्यावर नवरा पोळी जाळतोय आणि भाऊ चकार शब्द बोलत नाहीत, हे पाहून जीव तुटायचा.

एका गुरुवारी माझ्या बायकोला, सुमनला, राहवलं नाही. "भाऊ, वास्ते आले बाजारात. औंदा भाजी नाई आणली?"

"आता कोनाच्या नावानं आनू, बाई?"

मी उठून टीव्ही बंद केला. म्हटलं, भाऊ, पुरे झालं आता, भाजी तुम्ही करता हे गल्लीला पहिल्यापासून माहीत आहे. मला वाटलं, ओझं उतरेल बिचाऱ्याचं. पण ते दचकलेच.

"मंग लोकं तिले काय म्हनत असतीन, मास्तर? माहं जाऊ द्या. हात गेले, आता घरात बिनकामाची झाली, असं तिले कोनी म्हनू नाई, म्हून तर मी तिचं नाव घेत होतो."

इतकी वर्षं आम्ही त्यांची मिशी सांभाळत होतो. लाज वाटली मला.

तेव्हा सुमननं सांगून टाकलं. गल्लीला कळलं होतं ते वहिनींकडूनच. भाऊ बाजारात गेले की त्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, असा रांधणारा नवरा साऱ्या तालुक्यात एक तरी दाखवा. आणि वर बजावायच्या, त्याईले सांगू नका, लाजतीन.

भाऊ खाली पाहत म्हणाले, "मले तं रोज म्हने, मीठ जास्त झालं."